हलका पाय

"मास्तर, एकट्याने एवढं काम कसं हो उरकता?" असं कुणी विचारलं की ब्रेकमास्तर शेडच्या कोपऱ्यातल्या काठीकडे बोट दाखवायचे. "तो काय, माझा असिस्टंट. सुट्टी मागत नाही, चहा मागत नाही, उलट बोलत नाही." विचारणारा हसायचा, मास्तरही हसायचे. मग गिऱ्हाईक गेलं की ती काठी उचलून गाडीत शिरायचे आणि संध्याकाळपर्यंत कुणाशी चकार शब्द बोलायचे नाहीत. उलट न बोलणाऱ्याबरोबर दिवस काढणं सोपं वाटतं ना? काढून बघा एकदा.

काठी म्हणजे जुन्या झाडूचा दांडा. एका टोकाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळलेला. ड्रायव्हरची सीट पुढे ओढायची, दांड्याचं एक टोक पेडलवर आणि दुसरं सीटला टेकवायचं, की पेडल दाबलेलं राहतं आणि मास्तर खाली चाकाशी बसायला मोकळे. कारण ब्रेकचं काम मुळात दोन माणसांचं. पाइपात हवा शिरली की पेडल स्पंजासारखं मऊ लागतं. ती हवा काढायची तर एकाने वर बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने खाली चाकामागचा निपल उघडायचा, बुडबुड्यांसकट ऑइल बाहेर आलं की निपल बंद करायचा, आणि त्यानंतरच वरच्याने पाय उचलायचा. वरच्याने घाई केली की हवा परत आत आणि मेहनत पाण्यात. तेव्हा वरच्याचं आणि खालच्याचं जमावं लागतं.

मास्तरांचं आपल्या बायकोशी जमायचं. म्हणजे एवढ्या एका बाबतीत. बाकी घरात एक पूर्वेला तर दुसरा पश्चिमेला. पण ती गाडीत बसली की वेगळीच बाई व्हायची. चपला काढून दारापाशी जोडीने ठेवायची, अनवाणी पाय पेडलवर टेकवायची आणि खालून आवाज येण्याची वाट बघायची. "मार… मार… धर!" मास्तर ओरडायचे. "धरलंय." "सोड." "सोडलं." दिवसभर हेच. शेजारच्या शेडमधला वेल्डर म्हणायचा, "नवराबायकोचं इतकं सरळ बोलणं मी जन्मात दुसरीकडे ऐकलं नाही."

मास्तरांचा पाय जड. लोखंडी टोकाचे बूट घालून पेडल असं दाबायचे, की वाटावं खाली विंचू आहे. तिचा पाय हलका. अंगठ्याने नुसतं टेकवून ती खिडकीबाहेर बघत बसायची आणि मग सावकाश निकाल द्यायची. तिचे शब्दही तिचेच होते. पाइपात हवा असली तर "फुसफुशीत आहे". पायाचा जोर वाढवणारा बूस्टर बिघडून पेडल दगडासारखं झालं असलं तर "रुसलंय". चाकातली डिस्क वाकडी होऊन पायाखाली थरथर होत असली तर "हुडहुडी भरलीय". आणि पाय ठेवल्यावर पेडल गुपचूप खाली चाललं असलं तर आवाज न चढवता म्हणायची, "बुडतंय हो." बुडणं म्हणजे मास्टर सिलिंडरचं दुखणं. पेडल दाबल्यावर ऑइल चाकांकडे ढकलणारा तो पंप, त्याच्या आतलं रबर झिजलं की ऑइल आतल्या आत मागे पळतं. बाहेर थेंब दिसत नाही, बाटलीतलं ऑइल कमी होत नाही, आणि एखाद्या दिवशी ऐन वेळी पाय जमिनीला टेकतो.

नाव मास्तरांचं झालं. लांबून लांबून गाड्या यायच्या. अर्धी विद्या बायकोच्या पायात आहे हे मास्तरांना पक्कं ठाऊक होतं, पण त्यांनी ते कधी कुणापाशी कबूल केलं नाही. तिच्यापाशीसुद्धा नाही. नवरे मंडळींना हा एक रोगच असतो, आणि औषध सापडतं ते माणूस गेल्यावर.

ती गेली. आधी कंबर धरली, मग किडन्यांचं निघालं, मग हॉस्पिटलच्या वाऱ्या, आणि मग नुसत्या दारापाशी जोडीने ठेवलेल्या चपला. दिवसकार्य झाल्यावर मास्तरांनी शेड उघडली, पहिलीच गाडी हवा काढायला आलेली. खाली बसून सवयीने ओरडले, "मार!" आणि वर कुणीच नव्हतं. गिऱ्हाईक बिचारं घाबरून म्हणालं, "मी बसू का?" मास्तर म्हणाले, "नको." त्या दिवशी झाडूचा दांडा कापला.

एक मुलगी होती. लग्न होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला, तो लांबलचक उतार उतरून रेल्वेच्या फाटकापलीकडे राहायची. नोकरी, नवरा, चार वर्षांची पोर, म्हणजे सगळ्यांचं असतं तसंच. फोन नेहमी तीच करायची. "जेवलात?" "जेवलो." "तब्येत?" "बरी आहे." "बरं मग." "बरं." एवढ्यावर ठेवायचे दोघं. बोलायचं सगळं आई करायची, हे दोघे तिच्या दोन बाजूंना बसून ऐकायचे. आता मधलं माणूसच उठून गेल्यावर दोघांना एकमेकांशी काय बोलावं हे सुचत नव्हतं. शिवाय मास्तरांचा बाणा असा, की लेकीच्या संसारात आपण होऊन फोन करून लुडबुड करायची नाही. याला काय म्हणायचं ते म्हणा. ते स्वतः याला समजूतदारपणा म्हणायचे.

आणि एका रविवारी मुलगी गाडी घेऊन दारात हजर! मागच्या सीटवर नात, डोक्यावर दोन शेंड्या. मास्तर बनियनवर होते, धावत जाऊन शर्ट घालून आले.

"बाबा, ब्रेकचं बघा जरा," मुलगी उतरता उतरता म्हणाली. "पेडल कधी कधी खाली गेल्यासारखं वाटतं."

"कधी?"

"असं सांगता नाही येत. सिग्नलला वगैरे. हे म्हणतात, तुझा भ्रम आहे. आमच्या बिल्डिंगखाली ते नवीन काचेचं गॅरेज झालंय ना, तिथेच दाखव म्हणत होते. म्हटलं, नको, बाबांकडेच नेते."

मास्तरांची छाती जरा वर आली, ते सोडा. त्यांनी गाडी आत घेतली, ऑइल बघितलं, चारही चाकं काढून पॅड बघितले, पाइप हाताने चाचपले. इंजिन चालू करून पेडलवर बूट ठेवला आणि सगळा जोर लावला. पेडल जागचं हललं नाही. परत दाबलं. खडकासारखं. काठी लावून सगळी हवा काढली, एक बुडबुडा आला असेल नसेल. "काही नाहीये," ते म्हणाले. "हवा होती थोडी. काढली." तोवर मुलीने शेडमागच्या घरात ओट्यावर काहीबाही चढवलं होतं, म्हणून जेवणं झाली. दुपारी दोघी गेल्या. नातीने शेडमध्ये खेळताना ट्रेमधले सगळे नट लहानमोठे लावून ठेवले होते. मास्तरांनी त्या आठवड्यात दुसऱ्या ट्रेमधले नट वापरले.

पुढच्या रविवारी गाडी पुन्हा दारात. "अजून होतंय बाबा."

पुन्हा तपासलं. पुन्हा बूट, पुन्हा खडक. मास्तर चाकापाशी डोकं खाजवत बसले. आतून भांड्यांचा आवाज येत होता, नात कुणालातरी दटावत होती, बहुतेक बाहुलीला. आणि तिथे बसल्या बसल्या मास्तरांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

ही पोरगी शाळेत होती तेव्हा तिचं पोट दुखायचं. महिन्या-दोन महिन्यांनी एकदा, शाळेच्या वेळेला बरोबर. आई तिला शेडमध्ये घेऊन यायची, आणि ती दुरुस्तीला आलेल्या गाडीच्या मागच्या सीटवर पाय पोटाशी घेऊन पडायची. पुढे आई पेडल दाबायची, मागे ही लोळायची. एकदा मास्तर वैतागून म्हणाले होते, "काही दुखत नाहीये हिचं, सोंगं आहेत सगळी." तेव्हा बायको खालच्या आवाजात म्हणाली होती, "पोट नसेल दुखत. पण काहीतरी दुखतंय ना? पडू दे."

तेच हे! ब्रेकला काही झालेलंच नाही. पोरीला यायचंय. आई गेलेल्या घरात उगाच कसं यायचं, बापाला काय सांगायचं, म्हणून ब्रेकचं निमित्त. मास्तरांना इतका आनंद झाला की त्यांनी पाना हातातून खाली ठेवला आणि जरा वेळ नुसतेच बसून राहिले. मग आत जाऊन अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "जरा अवघड दिसतंय. एका दिवसात नाही व्हायचं. पुढच्या रविवारी परत आण."

"चालवू ना तोवर?" मुलीने विचारलं.

"खुशाल चालव."

झालं! मास्तरांचा आठवडा आता रविवारपासून रविवारपर्यंत असा झाला. शनिवारी अंडी, फळं, नातीसाठी खडूंचा डबा. शेडची फरशी रॉकेलने धुवून काढली. रविवारी मुलगी आली की ती आत जायची आणि मास्तर बाहेर कामाचं नाटक करायचे. चाकं काढायची, पुसायची, परत लावायची. "नसलेला दोष दुरुस्त करणारा मिस्त्री आणि नसलेलं भूत उतरवणारा मांत्रिक एकाच माळेचे मणी," असं उभ्या आयुष्यात लोकांना ऐकवलेला हा माणूस, दर रविवारी धडधाकट गाडीची चाकं उतरवत होता आणि शीळ घालत होता.

"मास्तर, काय आजार आहे हो या गाडीला?" वेल्डरने चष्मा कपाळावर चढवून विचारलं.

मास्तरांनी इकडेतिकडे बघून आवाज बारीक केला. "कसला आजार? पोरगी निमित्त करून येते बापाला भेटायला."

"मग बरी होऊ देऊ नका हो," वेल्डर म्हणाला. "माझा मुलगा परदेशात आहे. त्याचं काही बिघडतच नाही."

अधूनमधून मुलगी सांगायचीही. "परवा फाटकापाशी गाडी थांबवून बसले होते, तर इंचभर पुढे सरकली." "उताराच्या शेवटी पाय परत परत मारावा लागतो." मास्तर मान डोलवायचे. मनात म्हणायचे, वा, किती बारकाईने सांगते, आईवर गेलीय. अहो, शिकाऊ मिस्त्रीच्या कानात घंटा वाजावी असं बोलत होती ती! पण एकदा माणसाने ठरवलं, की आपल्याला जे हवं तेच कानात शिरतं.

मग एका शनिवारी ट्रकच्या चाकाचा ड्रम उतरवताना हातातून निसटला आणि थेट पायावर. बूट होता म्हणून बोटं वाचली, पण अंगठा सुजून काळा पडला. रविवारी पायात बूट चढेना. मास्तर चपला घालून लंगडत शेडमध्ये आले. जेवणं झाली होती, नात आत झोपली होती, मुलगी भांडी घासत होती. आज चाकं काढायचं नाटकही होण्यासारखं नव्हतं. पण बाहेर काम चाललंय असं तर वाटायला हवं, म्हणून ते गाडीचं दार उघडून आत बसले. बसताना चपला काढल्या. काढल्यावर बघतात तर दारापाशी जोडीने ठेवलेल्या. आपल्याच हाताने.

दुखरा पाय होता, म्हणून त्यांनी तो पेडलवर नुसता टेकवला. खिडकीतून बाहेर बघितलं. ड्रायव्हरच्या सीटवरून शेडचं तोंड दिसत होतं, वेल्डरच्या भिंतीचा तुकडा, त्यावरची तार आणि तारेवर वाळत टाकलेला कुणाचातरी टॉवेल. हे बघत बसायची होय ही! इतकी वर्षं शेड चालवली, पण या सीटवर निवांत बसून बाहेर काय दिसतं ते मास्तरांनी कधी बघितलं नव्हतं. त्यांची जागा कायम खाली, चाकाशी. फार एकटं वाटलं त्यांना त्या क्षणी. तिला काय काय विचारायचं राहून गेलं, याचाच विचार करत ते टॉवेल हलताना बघत राहिले.

मग लक्षात आलं, की पाय खाली आहे.

त्यांनी पाय उचलला, पेडल वर आलं. परत टेकवला, हलकेच, अंगठा दुखणार नाही इतकाच. पेडल थांबलं. आणि मग, कुणी बघत नाही असं वाटून चोराने निघावं तसं, खाली निघालं. सावकाश. थेट तळाला जाऊन टेकलं.

"बुडतंय हो," मास्तर मोठ्याने म्हणाले. खाली ऐकायला कुणी नव्हतं.

त्यांना दरदरून घाम फुटला. काय झालंय ते एका क्षणात कळलं. जोरात दाबलं की रबराची कड फाकून सिलिंडरला घट्ट चिकटते आणि ऑइल अडतं. हलकं दाबलं की कड सैल राहते आणि ऑइल मागे पळतं. ओरडून सांगितलं की ऐकायचं आणि हळू सांगितलं की कानाआड करायचं, अशी माणसं असतात ना, त्यातलं ते रबर. मास्तरांचा बूट दर वेळी ओरडत होता. काठीला तर काही कळायचाच प्रश्न नव्हता. पोरीचा पाय आईसारखा हलका, तिला पहिल्या दिवसापासून कळत होतं. ती खरं सांगत होती! आणि आपण तिला, मागे लेकरू बसवून, दर रविवारी त्या उतारावरून हसत हसत पाठवत होतो. खुशाल चालव म्हणून.

आणि ही भीती ओसरायच्या आतच तिच्यामागून दुसरं काहीतरी आलं, ज्याची त्यांना स्वतःचीच लाज वाटली. म्हणजे ती निमित्त करत नव्हती. ती ब्रेकसाठीच येत होती.

ते लंगडत आत गेले. मुलगी हात पुसत होती.

"आज गाडी जायची नाही."

"का? सापडलं?"

"सापडलं. मास्टर सिलिंडर गेलाय. पेडल बुडतंय."

"मी सांगत होते ना!" तिचा चेहरा उजळला. "यांना सांगते आता, भ्रम म्हणे! पण बाबा, तुम्हाला इतके दिवस कसं नाही सापडलं? तुम्हाला?"

मास्तरांना खोटं बोलता आलं असतं. बारीक दोष होता, आत्ताच वाढला, असं म्हणाले असते तर कोण विचारणार होतं? पण ते म्हणाले, "मी शोधलंच नाही. पहिल्या दोनदा बघितलं, तेवढंच. नंतर मला वाटलं, तू उगाच सांगतेस. शाळेत असताना तुझं पोट दुखायचं, तसं."

"उगाच म्हणजे?"

"यायला मिळावं म्हणून."

मुलीने हात पुसायचं फडकं ओट्यावर ठेवलं. "मग रविवारभर बाहेर काय करत होतात? चाकं काढत होतात ना?"

"हो."

"आणि?"

"पुसून परत लावत होतो."

एखाद्या वेळी हसू आलं असतं तिला. पण तिने आत झोपलेल्या पोरीकडे बघितलं. "ही मागे झोपलेली असते बाबा. मी तो उतार उतरते, खाली फाटक बंद असतं, समोरून रेल्वे जात असते. मी दर वेळी तुम्हाला सांगत होते, आणि तुम्ही मान डोलवत होतात. मी आता शाळेत जात नाही हो!" तिने झोपलेल्या पोरीला खांद्यावर घेतलं आणि बसने निघून गेली. मास्तर तिला थांब म्हणाले नाहीत. कुठल्या तोंडाने म्हणणार?

दुसऱ्या दिवशी त्यांनी नवीन मास्टर सिलिंडर आणून बसवला. सुजल्या पायाने, सगळी गिऱ्हाइकं बाजूला ठेवून. राहिलं फक्त हवा काढायचं. कोपऱ्यातली काठी उचलली, सीट पुढे ओढली, दांडा पेडलला लावला, आणि तसेच उभे राहिले. मग काठी काढून परत कोपऱ्यात ठेवली आणि खिशातून फोन काढला. आपण होऊन मुलीला फोन करायची त्यांची ही पहिलीच वेळ.

"झाली का गाडी?" तिने विचारलं. जेवलात का, हे विचारलं नाही.

"बसवलंय सगळं. हवा काढायचीय."

"मग?"

"दाबायला कुणी नाहीये."

"काठी आहे ना?"

"काठीला कळत नाही," मास्तर म्हणाले.

ऑफिस सुटल्यावर ती आली. एकटीच आली, चेहरा घट्ट. थेट ड्रायव्हरच्या बाजूला गेली, बूट काढले, दारापाशी जोडीने ठेवले आणि बसली. मास्तरांनी ते बघितलं आणि घाईघाईने खाली चाकाशी गेले.

"मार," ते म्हणाले. वरपर्यंत पोचलं नाही, म्हणून परत म्हणाले, "मार… मार… धर!"

"धरलंय."

निपल उघडला. नळीतून बुडबुडे फसफसत आले. बंद केला. "सोड."

"सोडलं."

चारही चाकं अशीच झाली. मागच्या चाकाशी मास्तर जरा जास्त वेळ बसले. आवाज इतका तिच्या आईसारखा होता, की मान वर करून बघायची हिंमत होईना. सगळं झाल्यावर ते चाकाशीच बसून म्हणाले, "आता नुसता पाय टेकव. हलकाच. आणि बाहेर बघत बस."

ती बसली. समोरच्या तारेवर आज टॉवेल नव्हता. वेल्डरने काम थांबवलं होतं की काय कोण जाणे, सगळीकडे शांत झालं होतं.

"तिथेच आहे," वरून आवाज आला.

"अजून थांब."

"तिथेच आहे बाबा. जरासुद्धा बुडत नाहीये."

ती निघाली तेव्हा मास्तर रस्त्यापर्यंत लंगडत गेले. माफ कर, असं म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "उतारावर गिअर कमी ठेव." ती "हं" म्हणाली. वळणावर गाडीचे मागचे दिवे लागले, गाडी जिथे थांबायला हवी तिथे थांबली, आणि गेली.

रविवारी मास्तर नेहमीसारखे लवकर उठले. अंडी आणून ठेवलेलीच होती. बटाटे उकडले, तिघांपुरते. शेड उघडली, फरशी पुसली, नातीने लावून ठेवलेला नटांचा ट्रे वरच्या फळीवर सरकवला. वेल्डरने डोकावून विचारलं, "आज गाडी नाही आली?"

"बरी झाली ती," मास्तर म्हणाले.

वेल्डर चष्मा डोळ्यांवर ओढून आत गेला.

दुपार कलायला लागली तशी मास्तरांनी फोन हातात घेतला. नवीन ऑइल घातलंय, एकदा तपासायला आण, असं सांगता आलं असतं. वाक्य तयार होतं, खोटंही वाटलं नसतं. मिस्त्री माणसाला निमित्तांना काय तोटा? पॅड आहेत, पाइप आहेत, हँडब्रेक आहे. जन्मभर पुरतील इतकी निमित्तं एका गाडीत असतात.

"कसं आहे पेडल?" त्यांनी विचारलं.

"छान आहे."

"बुडत नाही ना?"

"नाही."

"बरं." आता फोन ठेवायची वेळ झाली होती. मास्तरांनी ठेवला नाही. "ऐक. गाडीला काही झालेलं नाही. काही होणारही नाही आता. तरी ये. बसने आलीस तरी चालेल. मला… घरात फार सुनं वाटतं गं. मी हे कधी म्हणालो नाही तुला. येत जा."

पलीकडून नातीच्या खोकल्याचा आवाज आला.

"आज नाही जमणार बाबा," मुलगी म्हणाली. "हिला ताप आहे. पुढच्या रविवारी बघते."

"हो हो, तिला बघ आधी. काळजी घे."

"आणि बाबा…" ती थांबली. "आमच्या बिल्डिंगखालीच गॅरेज आहे. खाली उतरून नुसती चावी द्यायची होती मला."

मास्तरांना जरा वेळ कळलंच नाही. जन्मभर दोष शोधण्यात घालवलेला माणूस, पण माणसाच्या बाबतीत डोकं कायमच जड चालायचं. "मग एवढ्या लांब, तसल्या ब्रेकवर कशाला आणलीस गाडी?"

"पोट दुखत होतं," मुलगी म्हणाली.

फोन बंद झाल्यावर मास्तर बराच वेळ ओट्यापाशी उभे होते. मग त्यांनी तिघांपुरत्या बटाट्यांतले आपल्यापुरते काढून घेतले आणि बाकीचे झाकून ठेवले.